'सेड' आणि 'टोल्ड'चा गोंधळ तक्ता पाठ करून का सुटत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक वर्गातली मुलं आणि संध्याकाळी शिकायला येणारी मोठी माणसं, दोघंही 'से-टेल', 'सी-लुक-वॉच', 'मेक-डू', 'बॉरो-लेंड' अशा क्रियापदांची सरमिसळ करतात. तुम्ही प्रत्येक जोडीच्या फरकाचा तक्ता करून दिलात. मुलांनी तो पाठ केला, गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या. पण बोलायला उभं केलं की पुन्हा 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टू मी'. मग हे शिकवायचं तरी कसं?

माझं मत आधीच सांगून टाकते. जोडी जोडीने शिकवू नका. एका वेळी एकच क्रियापद घ्या, ते त्याच्या वाक्यासकट तोंडात बसवा, मध्ये काही आठवडे जाऊ द्या आणि मग दुसरं घ्या. फरक समजावायचा तो अगदी शेवटी, दोन्ही क्रियापदं मुलं न अडखळता वापरायला लागल्यावर. फरक हा धडा नसून उजळणी आहे. आणि जिथे मराठीत तो फरक आधीच आहे, तिथे मराठीचा हात निर्धास्तपणे धरा.

तक्ता का फसतो ते आधी पाहू. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच दिवशी, एकाच फळ्यावर, दोन उलट बाणांसह शिकवले की मुलांच्या डोक्यात तीन गोष्टी राहतात: दोन शब्द आहेत, एक घेण्याचा आहे, एक देण्याचा आहे. कुठला कुठला, नेमकं तेवढंच निसटतं. कारण दोन्ही शब्द एकाच क्षणी, एकाच प्रसंगाला चिकटून आत गेले. ही फक्त शिक्षकांची तक्रार नाही. थॉमस टिंकम या संशोधकांनी १९९३ साली बनावट शब्द शिकायला देऊन प्रयोग केले. एकाच अर्थगटातले शब्द एकत्र दिले तर ते लक्षात राहायला जास्त फेऱ्या लागल्या, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द लवकर बसले. रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला आणि निष्कर्ष तसाच आला. हे प्रयोग सुट्या शब्दांवरचे होते, वाक्यातल्या क्रियापदांवरचे नव्हते. तरी वर्गात जे रोज दिसतं ते याच्याशी जुळतं. शब्दसंग्रहाच्या अध्यापनावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन यांचाही सल्ला हाच आहे: जास्त उपयोगाचा शब्द आधी पक्का करा, त्याचा जोडीदार नंतर आणा.

म्हणून 'बॉरो' मी एक विनंती म्हणून शिकवते. 'कॅन आय बॉरो युअर पेन?' एवढंच. अर्थाची फोड नाही, बाण नाही, 'लेंड'चं नावही नाही. वर्गात ज्याला काही हवं असेल त्याने ते याच वाक्याने मागायचं, हा नियम. पेन, पट्टी, पुस्तक, खोडरबर. वस्तू बदलते, वाक्य बदलत नाही. काही आठवड्यांनी 'कॅन आय' म्हटलं की 'बॉरो' आपोआप येतो. तेव्हा मग 'कॅन यू लेंड मी युअर पेन?' आणायचं. आता मुलांना बाण आठवावा लागत नाही. 'आय' आला की 'बॉरो', 'यू' आला की 'लेंड मी', हे जिभेलाच कळतं. जी मुलं मागाहून विचारतात, 'म्हणजे मी घेतो तेव्हा बॉरो आणि तू देतोस तेव्हा लेंड, हो ना?' त्यांनी तो नियम स्वतः शोधलेला असतो, आणि तो टिकतो.

आता 'से-टेल'कडे येते, कारण तुमची मुख्य अडचण तीच आहे आणि तिचं मूळ अर्थात नाहीच. मराठी मुलांना 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांतला फरक उत्तम कळतो. 'तो काय म्हणाला?' आणि 'त्याने तुला काय सांगितलं?' हे प्रश्न कुठलंही मूल योग्य जागी विचारतं. घोटाळा आहे 'ला' या प्रत्ययाचा. 'तो मला म्हणाला', 'त्याने मला सांगितलं', 'त्याने मला विचारलं', 'त्याने मला समजावलं': चारही ठिकाणी आपला 'मला' तसाच राहतो. इंग्रजीत मात्र चौघांचे रस्ते वेगळे. 'टेल' आणि 'आस्क' यांच्यापुढे माणूस थेट येतो: 'ही टोल्ड मी', 'ही आस्क्ड मी'. 'से' आणि 'एक्सप्लेन' यांना मध्ये 'टू' लागतो: 'ही सेड टू मी', 'ही एक्सप्लेन्ड इट टू मी'. मूल 'मला'चं इंग्रजी करायला जातं तेव्हा कधी त्याचा 'मी' होतो, कधी 'टू मी'. कुठे काय होणार याचा त्याला भरवसा नसतो, म्हणून 'सेड मी' आणि 'टोल्ड टू मी' या दोन उलट चुका एकाच मुलाच्या तोंडून एकाच तासात येतात. 'सजेस्टेड मी', 'एक्सप्लेन मी धिस' या चुकाही याच घरातल्या.

तर मग शिकवायचा आहे तो अर्थ नाही, साचा. क्रियापदापुढे लगेच काय येतं, माणूस की बोललेले शब्द? इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी क्रियापदांचे असे साचे पद्धतशीर नोंदवण्याचं मोठं काम ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना केलं, आणि १९४२ मध्ये तिथेच निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात ते साचे आले. आजही विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशात क्रियापदाबरोबर त्याचा साचा आणि उदाहरणं असतात. मुलांना अर्थाच्या ओळीवरून नजर खाली उतरवून उदाहरणांकडे न्यायला शिकवा. मी तर अर्थाची ओळ हाताने झाकून, नुसती उदाहरणं वाचून साचा ओळखायला लावते.

वर्गात हे कसं करायचं ते सविस्तर सांगते. तीन मुलं पुढे बोलवा. पहिलं मूल दुसऱ्याच्या कानात एक छोटं वाक्य सांगतं, समजा, 'आय ॲम टायर्ड'. वर्ग दुसऱ्याला विचारतो, 'व्हॉट डिड शी टेल यू?' त्याचं उत्तर ठरलेलं: 'शी टोल्ड मी दॅट शी वॉज टायर्ड'. 'टोल्ड' म्हणताना त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. हात ठेवायला माणूस लागतो, हीच खूण. मग वर्ग तिसऱ्याला विचारतो, 'हू डिड शी टेल?' तो दुसऱ्याकडे बोट करून म्हणतो, 'शी टोल्ड हिम'. पहिल्या आठवड्यात एवढंच, 'से' अजिबात नाही. 'से' आणायचा तो पंधरा दिवसांनी, आणि तोही वेगळ्या खेळात: फळ्यावर चेहरा काढून तोंडापुढे फुगा काढायचा, फुग्यात शब्द लिहायचे आणि 'शी सेड, आय ॲम टायर्ड' असं वाचायचं. इथे हात फुग्याकडे जातो, माणसाकडे नाही. नंतर दोन्ही एकत्र आणले तरी हात चुकत नाही, आणि हात चुकला नाही की वाक्यही सहसा चुकत नाही. 'टेल अ स्टोरी', 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल द टाइम', 'टेल द डिफरन्स' ही मोजकी मंडळी माणसाशिवायही चालतात. ती अपवाद म्हणून न सांगता तयार शब्दसमूह म्हणून द्यावीत.

'स्पीक' आणि 'टॉक' यांचा फार बाऊ करू नका. दोन्ही 'बोलणे'. भाषेचं नाव आलं की 'स्पीक', गप्पा चालल्या असतील तर 'टॉक', आणि बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही खपतात. जिथे इंग्रजी बोलणारेच सैल आहेत तिथे आपण मुलांना आवळून धरण्यात अर्थ नाही.

आता मराठीच्या मदतीबद्दल. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा नियम पुष्कळ ठिकाणी आहे, आणि सरावाच्या वेळी तो योग्यही आहे. पण क्रियापदांचा फरक दाखवताना मराठी दूर ठेवणं म्हणजे हातातलं सगळ्यांत चांगलं साधन बाजूला टाकणं. 'सी' आणि 'लुक' यांच्या व्याख्या इंग्रजीतून सांगायला गेलं की 'हेतुपुरस्सर', 'नजर वळवून' असं काहीतरी अवघड बोलावं लागतं. मराठीत एक वाक्य पुरतं: 'बघितलं, पण दिसलं नाही'. 'आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट'. लगेच दुसरं: 'ऐकत होतो, पण ऐकू आलं नाही'. 'आय वॉज लिसनिंग, बट आय कुडन्ट हिअर'. बघणे आणि ऐकणे ही आपण करतो; दिसणे आणि ऐकू येणे ही आपल्या बाबतीत घडतात. मराठीने हा फरक व्याकरणात कोरून ठेवला आहे, म्हणून तर 'मी बघतो' पण 'मला दिसतं'. ज्या मुलाला हे कळतं त्याला 'लुक' आणि 'सी' यांचा गाभा कळला.

पण इथेच मराठी एक पाय ओढतेही, आणि ते मुलांना उघड सांगायला हवं. आपण 'मला दिसतंय' म्हणतो, म्हणून मुलं 'आय ॲम सीइंग' म्हणतात. जे घडतं, जे आपण मुद्दाम करत नाही, ते इंग्रजीत सहसा 'इंग' घेत नाही. तिथे 'आय कॅन सी' म्हणायचं, 'आय कॅन हिअर' म्हणायचं. 'वॉच' तिसरं. हलतं, बदलतं काहीतरी आहे आणि त्यावर नजर टिकवून ठेवायची आहे, तिथे ते येतं: सामना, खेळणारी मुलं, टीव्ही. चित्रपटगृहात जाऊन पाहिलेल्या सिनेमाला 'सी' चालतं, यात मुलांना तर्क दिसत नाही आणि तो शोधण्याच्या फंदात पडूही नये. आणि 'यू लुक टायर्ड' मधला 'लुक' म्हणजे पुन्हा 'दिसणे', तो मात्र याच तासाला आणू नका. आणलात की तासभर केलेलं सगळं विस्कटतं. महिन्याभराने 'लुक हॅपी, लुक सॅड, लुक टायर्ड' अशी वेगळी माळ म्हणून शिकवा.

'शोधणे' आणि 'सापडणे' यांच्याइतकी सोपी जोडी दुसरी नाही आणि 'आय ॲम फाइंडिंग माय बुक' इतकी पसरलेली चूकही दुसरी नाही. दोष शब्दार्थांच्या यादीचा आहे. 'फाइंड म्हणजे शोधणे' असं कुठेतरी पाठ झालेलं असतं. ते पुसून 'फाइंड म्हणजे सापडणे' एवढं केलं तरी निम्मं काम होतं. उरलेलं काम खेळाने करा. एका मुलाला बाहेर पाठवा, एखादी वस्तू लपवा, त्याला आत बोलवा. तो शोधत असेपर्यंत वर्ग एका सुरात म्हणतो, 'ही इज लुकिंग फॉर द चॉक'. वस्तू हाती लागली की तो एकटाच ओरडतो, 'आय फाउंड इट!' त्याआधी 'फाउंड' उच्चारायची कुणालाच परवानगी नाही. शोधणं लांबत जातं, तेच वाक्य पुन्हापुन्हा येतं, आणि सापडणं एका क्षणात होऊन जातं. 'फाइंड' हे क्षणाचं क्रियापद आहे, त्यात 'चालू आहे' असं सहसा नसतं, हे मुलांना कुठलीही व्याख्या न देता कळतं.

याच्या शेजारचा एक घोटाळा मात्र मराठीमुळे होतो. 'शोध लावणे' हा आपला एकच शब्दप्रयोग इंग्रजीत दोन ठिकाणी जातो. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला: दोन्ही 'डिस्कव्हर्ड'. १८७७ मध्ये एडिसन यांनी फोनोग्राफचा शोध लावला: तो 'इन्व्हेंटेड'. प्रश्न एकच विचारायचा, 'ते आधीपासून जगात होतं का?' किरण होते, रेडियम होतं, फोनोग्राफ नव्हता. विज्ञानाच्या पुस्तकातली दहा वाक्यं घेऊन हा प्रश्न लावला की तास छान रंगतो.

ज्या फरकाबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं तो तुमच्या यादीत नाही, पण तुमच्या वर्गात नक्की आहे. चित्र दाखवून 'व्हॉट इज शी वेअरिंग?' विचारा. काही मुलं म्हणतील, 'शी हॅज वोर्न अ कोट'. खुर्चीवर बसलेला माणूस दाखवा. उत्तर येईल, 'ही हॅज सॅट ऑन अ चेअर'. व्याकरणाच्या पुस्तकातून हे समजत नाही, कारण नियमाप्रमाणे वाक्य शुद्ध आहे. फक्त त्या चित्राचं ते वर्णन नाही. याचं कारण 'तिने कोट घातला आहे', 'तो बसला आहे', 'बाळ झोपलं आहे' ही आपली वाक्यं. मराठीत क्रिया होऊन गेली आणि तिची अवस्था उरली, ती आपण 'ला आहे', 'लं आहे'ने दाखवतो. इंग्रजी तीच अवस्था 'इंग'ने दाखवते: 'इज वेअरिंग', 'इज सिटिंग', 'इज स्लीपिंग'. मग 'ती कोट घालतेय', म्हणजे एक हात बाहीत गेलाय आणि दुसरा जातोय, त्याला काय म्हणायचं? त्यासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे: 'शी इज पुटिंग ऑन अ कोट'. तसंच 'बसतोय'ला 'इज सिटिंग डाउन'. म्हणजे मराठीत जो फरक काळाच्या रूपात आहे तो इंग्रजीत क्रियापदाच्या निवडीत आहे. 'घालतेय' म्हणजे 'पुट ऑन', 'घातलाय' म्हणजे 'वेअर'. हा धागा एकदा हाती आला की 'वेअर' आणि 'पुट ऑन' यांच्यावर निराळा धडा घ्यावा लागत नाही. दोन मुलांना पुढे बोलवून एकाला अगदी सावकाश चष्मा चढवायला सांगा, दुसऱ्याला चष्मा लावून नुसतं उभं राहायला सांगा, आणि वर्गाला दोघांचं वर्णन करू द्या. इंग्रजीच्या आधी मराठीतून वर्णन करून घ्या. फरक मराठीत स्वच्छ ऐकू आला की इंग्रजीत चुकायला जागा कमी राहते.

अशीच दुसरी जागा म्हणजे 'आलो!' कुणी हाक मारली की आपण अजून जागचे हललेलोही नसतो आणि म्हणतो, 'आलो!' मूल त्याचं 'आय केम' करतं. तिथे 'आय ॲम कमिंग'. उलट निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, ते शब्दशः 'आय ॲम कमिंग' केलं तर ऐकणारा वाट पाहत बसेल. 'ब्रिंग' आणि 'टेक' मात्र 'आणणे' आणि 'नेणे' यांच्याशी इतके जुळतात की त्यांच्यावर वेळ घालवायची गरज नाही. तीच गोष्ट 'लर्न' आणि 'टीच' यांची, 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' यांची. 'शिकणे-शिकवणे', 'आठवणे-आठवण करून देणे' समोर ठेवा आणि पुढे जा.

'स्टील' आणि 'रॉब', 'विन' आणि 'बीट' यांतही मराठी सरळ उपयोगी पडते. वस्तू चोरतात, माणसाला लुटतात. 'स्टील'पुढे वस्तू, 'रॉब'पुढे माणूस किंवा जागा. सामना जिंकतात, प्रतिस्पर्ध्याला हरवतात. 'वी वन द मॅच', 'वी बीट देम'. 'वी वन देम' ही चूक खेळाच्या गप्पांतच येते, तेव्हा तिथल्या तिथे सुधारावी. 'नाकारणे' मात्र फसवं आहे. करायला नकार असेल तर 'रिफ्यूज', केल्याचा इन्कार असेल तर 'डिनाय'.

'राइज-रेझ', 'लाय-ले', 'सिट-सेट' यांना प्रयोजक क्रियापदांच्या वाटेने न्या. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे, निजणे-निजवणे या जोड्या मुलांच्या ओळखीच्या आहेत. इंग्रजीतही कधीकाळी अशीच सोय होती. 'ले' (ठेवणे) हे 'लाय'चं (आडवं होणे), 'सेट' हे 'सिट'चं आणि झाड तोडून पाडण्याचं 'फेल' हे 'फॉल'चं जुनं प्रयोजक रूप आहे. पुढे ती सोय मागे पडली आणि या जोड्या तेवढ्या उरल्या. 'रेझ' उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलं, पण नातं तेच. मुलांना हे ऐकायला आवडतं, कारण आपल्या भाषेत जे आजही सर्रास चालतं ते इंग्रजीत आता अवशेषासारखं उरलंय. 'द सन राइझेस', पण 'रेझ युअर हँड': दुसऱ्यात काहीतरी उचललं जातं, म्हणून कर्म हवंच. 'लाय' आणि 'ले' यांची रूपं मात्र खरोखर गुंतागुंतीची आहेत. 'लाय'चा भूतकाळच 'ले' होतो, आणि खोटं बोलण्याचं 'लाय' आणखी निराळं चालतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना 'लाय डाउन'च्या जागी सर्रास 'ले डाउन' म्हणतात. तेव्हा वरच्या वर्गात एकदा नीट समजावून सांगा, पण त्यासाठी मुलांचे गुण कापत बसू नका. तो वेळ 'मेक-डू'ला द्या.

'मेक' आणि 'डू' यांच्यासमोर मराठी मदतीला येत नाही, कारण आपलं 'करणे' दोन्हीकडे आहे. 'डू म्हणजे करणे, मेक म्हणजे बनवणे' हा नियम खुर्ची बनवण्यापुरता ठीक आहे. 'चूक करणे' आली की तो कोसळतो आणि 'डू अ मिस्टेक' तयार होतं. ढोबळ खूण सांगायचीच असेल तर अशी: आधी नव्हतं ते 'मेक'ने अस्तित्वात येतं, मग तो आवाज असो, चूक असो, बेत असो, निर्णय असो की वचन. 'डू' म्हणजे नेमून दिलेलं काम उरकणं: गृहपाठ, व्यायाम, धुणं. पण 'मेक द बेड' आणि 'डू हार्म' ही खूण मोडतात. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार इथे धरून चालावा: शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते. म्हणून वहीचं एक पान 'मेक'ला, एक पान 'डू'ला. दोन्ही पानं समोरासमोर नकोत, वहीच्या दोन टोकांना असावीत. पानावर फक्त वाचनात किंवा ऐकण्यात प्रत्यक्ष सापडलेले शब्दसमूह लिहायचे, यादीतून उतरवलेले नाहीत. पान हळूहळू भरतं आणि ते तसंच भरायला हवं.

याच जातीचे आणखी दोन: दिवा 'बंद करणे' म्हणून 'क्लोज द लाइट', आणि 'परीक्षा देणे' म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम'. पहिलं बदलायलाच हवं, 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. दुसरं आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला विद्यार्थी नव्हे तर शिक्षकच परीक्षा देतोय असं वाटेल. 'टेक ॲन एक्झाम' शिकवणं शहाणपणाचं.

आता चुका सुधारण्याबद्दल. मूल 'ही सेड मी' म्हणालं की आपण पटकन 'ही टोल्ड मी' असं बरोबर करून पुढे जातो. रॉय लिस्टर आणि लैला रांटा या संशोधकांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षक सर्वांत जास्त वापरत होते ती हीच पद्धत, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः चूक दुरुस्त करण्यात तिचाच वाटा सर्वांत कमी होता. मुलाला वाटतं बाईंनी आपलं म्हणणं मान्य करून पुन्हा म्हटलं. त्यापेक्षा थांबा. 'ही सेड...?' एवढंच म्हणा आणि फुग्याची खूण करा, किंवा छातीवर हात ठेवा. मूल क्षणभर विचार करतं आणि स्वतःच म्हणतं, 'ही टोल्ड मी'. तो क्षणभराचा थांबा फार मोलाचा आहे, तो कुणाला भरू देऊ नका, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलालाही नाही.

गाळलेल्या जागांवर विसंबून राहू नका. कंसात दोन पर्याय दिले की निम्मं उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, आणि मुलाचं लक्ष फक्त त्या एका जागेवर असतं. बोलताना त्याला अर्थ, काळ, उच्चार, समोरचा माणूस असं सगळं एकदम सांभाळायचं असतं. म्हणून परीक्षा घ्यायची ती गोष्ट सांगायला लावून: घरातला एखादा संवाद ऐकून ये आणि उद्या वर्गाला सांग. तपासताना त्या आठवड्याचं एकच क्रियापद तपासा. स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवलं की शिकलेलं बरंचसं पहिल्याच काही तासांत आणि दिवसांत विसरलं जातं, आणि उजळणी एकदम न करता दिवसांच्या अंतराने विभागून केली तर जास्त टिकतं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं, आठवड्याने दोन मिनिटं, महिन्याने दोन मिनिटं, एवढंही पुरतं.

मोठ्या माणसांचा मार्ग थोडा वेगळा आहे. त्यांची 'टोल्ड टू मी' वर्षानुवर्षं बोलून घट्ट झालेली असते. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या घट्ट होण्याची सविस्तर चर्चा केली होती. मोठ्या माणसांना खेळ खेळायला संकोच वाटतो आणि नियम तर त्यांना आधीच माहीत असतो. त्यांना स्वतःचं बोलणं ऐकायला लावा. कामावर घडलेलं काहीही दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करायचं, मग स्वतःच ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि 'से', 'टेल', 'आस्क', 'एक्सप्लेन' जिथे जिथे आले तिथे खूण करायची. बहुतेकांना चूक लिहितानाच दिसते, तुम्हाला बोलावंही लागत नाही. मग तोच प्रसंग पुन्हा रेकॉर्ड करायचा, लगेच, कागद उलटा ठेवून. आठवड्यातून दोनदा हे करायला सांगा आणि महिनाभर या चार क्रियापदांखेरीज दुसऱ्या कुठल्याही चुकीवर त्यांना टोकू नका.